दोन्ही हात आडवे

६ जानेवारी, सोमवार

आजपासून ठमी माझ्या ताब्यात. लेक सकाळी साडेआठला कामावर गेली. ती नकाशे काढणाऱ्या ऑफिसात आहे आणि दीड वर्ष तिची खुर्ची त्यांनी राखून ठेवली, हेच पुष्कळ झालं. जावई लांबच्या एका पुलाच्या कामावर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे उरलो मी. दाराशी उभी राहून लेकीने इतक्या सूचना दिल्या की शेवटी मी म्हटलं, "अगं, गोदीत चौतीस वर्षं माझ्या हाताच्या इशाऱ्यावर क्रेनने वीस-वीस टनांचे बोजे हलवले. कुणाच्या पायाच्या अंगठ्यालाही धक्का लागला नाही. ही तर दहा किलोची आहे."

"बोजा पळत नाही, बाबा," ती म्हणाली.

मुद्दा बरोबर आहे. लिहून ठेवतो.

ही वही तिनेच दिली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दर महिन्याला वजन, लांबी आणि डोक्याचा घेर लिहीत जा. त्याला अर्धं पान पुरे. बाकीच्या पानांत मी माझं लॉगबुक लिहिणार, गोदीत लिहायचो तसंच. ठमी दुपारी झोपली की अर्धा तास माझा.

वय सतरा महिने. वजन दहा किलो, लांबी ७९.५, डोकं ४६. दात दहा. चालणं पक्कं, पळणं तिरकं. आजचा दिवस विनाअपघात.

९ जानेवारी, गुरुवार

गोदीत एक नियम होता. बोजा ज्या वाटेने जाणार, त्या वाटेने आधी आपण चालून यायचं. म्हणून आज मी गुडघ्यांवर रांगत सगळं घर फिरलो. ठमीच्या उंचीवरून हे घर म्हणजे नुसता सापळा आहे. मेजावरचं कापड लोंबतंय, ओढलं की वरचा गरम चहा डोक्यावर. न्हाणीघरात बादली भरलेली, आणि एवढ्याशा मुलाला ओंजळभर पाणीही धोक्याचं. रिमोटमधली ती चपटी गोल बॅटरी गोळीसारखी दिसते आणि गिळली तर आतून जाळते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या उशाशी. पुस्तकांचं कपाट मी खालच्या फळीला धरून जरा ओढलं, तर ते चक्क नमस्कार करायला वाकलं.

संध्याकाळपर्यंत कपाट भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलं. बादली उपडी, गोळ्या वरच्या खणात, रिमोटला पट्टी, मेजाच्या कोपऱ्यांना रबर. ठमीला माझी रांगती फेरी इतकी पसंत पडली की अर्ध्या वाटेत ती पाठीवर चढून बसली. आता ही फेरी रोज सकाळी. माझे गुडघे काय म्हणतात ते त्यांना कुणी विचारलेलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. लेकीला सुट्टी नव्हती. मी घरून पोलादी टेप नेला होता. बाई म्हणाल्या, "आजोबा, हे डोकं आहे, गर्डर नाही," आणि त्यांनी त्यांचा न ताणणारा पट्टा काढला. माझ्या मापाशी दोन मिलिमीटरचा फरक निघाला. आलेखावर ठमी बरोबर मधल्या रेषेवर चालली आहे.

मग त्यांनी मेंदूचं सांगितलं. पहिल्या तीन वर्षांत मेंदू जितक्या झपाट्याने वाढतो, तितका पुढे कधीच नाही. आत तारा जोडल्या जात असतात. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या येत नाहीत त्या गळून जातात. "तिने काही दाखवलं की तुम्ही उत्तर द्यायचं, मग तिची पाळी. चेंडू इकडून तिकडे गेला पाहिजे," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, आमचा चेंडू दिवसभर चालूच असतो. मग त्यांनी विचारलं, शब्द किती येतात? मी मनात मोजले आणि सांगितलं, अकरा. त्यांनी कार्डावर ११ लिहिलं आणि छान म्हणाल्या.

अकरा कुठले ते इथे लिहितो. बोट वर करून गोल फिरवलं की "वर घे". बोट खाली करून फिरवलं की "खाली ठेव". बोटावर दुसरा तळवा आडवा धरला की "हळू". दोन्ही हात पोटाशी गुंफले की "काम बंद", हे ती जेवण पुरे झालं की करते. दोन्ही हात आडवे पसरले की "थांब". हे पाच गोदीचे. उरलेले सहा आम्ही घरी बनवले: दूध, चप्पल, पाखरू, दिवा, झोप आणि आबा. आबा म्हणजे मी. माझ्यासाठी ती नाकाखाली बोट ठेवून मिशी ओढते.

तोंडाने ती अजून "अँ" एवढंच म्हणते. पण शब्द म्हणजे शेवटी काय? समोरच्याला कळलं की झाला शब्द. क्रेनचा ड्रायव्हर चाळीस मीटर वर काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि खाली यंत्रांचा असा गदारोळ की शेजारच्या माणसाची शिवीसुद्धा कळू नये. त्या ड्रायव्हरशी मी चौतीस वर्षं हातांनी बोललो. ठमीची आजीही शेवटी शेवटी जेवायला हातानेच बोलवायची. म्हणायची, तुम्हाला हाका मारून घसा फोडण्यापेक्षा हे बरं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठमीला पुन्हा सर्दी, या हिवाळ्यातली चौथी. कान ओढत बसते. दात येत असणार.

बाकी पोर मोठी शहाणी. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आज भिंतीत ड्रिल मारून घेतलं. तासभर चाललं होतं म्हणे. ठमी दोन तास गाढ झोपली आणि मीही वर्तमानपत्र वाचत शांत बसलो होतो. बाई नंतर माफी मागायला आल्या. मी म्हटलं, आम्ही दोघं कशाने विचलित होणारी माणसं नाही. त्यांनी झोपलेल्या ठमीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "तिला नीट ऐकू येतं ना हो?" शिवणाऱ्या माणसाला जिथे तिथे उसवलेलं दिसतं.

कुरियरवाल्याची आज तिसरी चिठ्ठी: "दार उघडलं नाही." हल्ली हे लोक बेल वाजवतच नाहीत, चिठ्ठी सरकवून पळतात. तक्रार करणार आहे.

वजन १०.३. डोकं ४६.३. एकाग्रता उत्तम. ठोकळे रचत बसली की मागून कितीही हाक मारा, मान वळत नाही. जमिनीवर पाय आपटला की मात्र लगेच बघते.

२ मार्च, रविवार

लेकीशी वाजलं. तिच्या ऑफिसातल्या बाईची मुलगी ठमीच्याच वयाची आहे आणि ती म्हणे "आई पाणी दे" म्हणते. मी म्हटलं, कुणाची वेल आधी फुलते, कुणाची मागून. लेक म्हणाली, "बाबा, तिला एकही शब्द येत नाही. मी महिनाभर पाळणाघर बघतेय. तिथल्या बाई म्हणाल्या, सगळं हाताने मिळतंय तर ती तोंड कशाला उघडेल?"

म्हणजे दोष माझ्या हातांचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेक चिडली की तिची आई दिसते, आणि मग मला वाद घालता येत नाही. ठरलं ते असं. उद्यापासून इशारे बंद, लेकीनेही आणि मीही. फक्त तोंडाने बोलायचं. एप्रिलअखेर ठमी बोलायला लागली तर ती माझ्याकडे राहील. नाहीतर एक मेपासून पाळणाघर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

मी म्हटलं, मंजूर. पंधरा दिवसांत तिला बोलतं करतो, पैज लाव. पण खरं लिहायचं तर मला एक मेची भीती वाटते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या घरात मी एकटा काय करणार? कपाट तर आधीच भिंतीला ठोकून झालंय.

डॉक्टरांच्या कार्डावरच्या अकराचा विषय मी काढला नाही. तिने विचारलंही नाही.

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. हात खिशात घालून फिरतोय.

१४ मार्च, शुक्रवार

खिशात हात घालून पोर सांभाळणं म्हणजे पाय बांधून नाचणं. ठमी बोट वर करून फिरवते. मी म्हणतो, "वर. म्हण, वर." ती पुन्हा बोट फिरवते, यावेळी जोरात, मला दिसलं नसेल असं समजून. मी पुन्हा "वर". मग ती जमिनीवर पालथी पडते आणि कपाळ आपटते. आज दोनदा मला चावली. दंडावर वरचे चार आणि खालचे चार असे आठ दात उमटलेत, त्यामुळे दातांची तपासणी तरी झाली.

मी दिवसभर बोलतोय. वर, खाली, दूध, दिवा. घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी. पण हार मानणाऱ्यातला मी नाही.

२७ मार्च, गुरुवार

आज ठमीने इशारे करणं सोडलं.

सकाळी तिला दूध हवं होतं. मूठ उघडमीट करून ती "दूध" म्हणायची. आज तिने हात अर्धा उचलला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात खाली टाकला. मग जाऊन खिडकीखाली बसली. दूध मीच नेऊन दिलं. ती प्यायली, पण तिने "काम बंद"सुद्धा केलं नाही.

लेकीला संध्याकाळी सांगितलं तर ती म्हणाली, "बघा, सुटली ना सवय." तिचा स्वर आनंदाचा होता. मीही मान हलवली. गोदीत एकदा वरच्या ड्रायव्हरला भोवळ आली होती आणि मी खालून इशारे देत राहिलो होतो, वरून काहीच हालचाल नाही. आज तेच आठवत राहिलं. ठरल्याप्रमाणे सगळं चाललंय आणि मला काही ते बरं वाटत नाही.

वजन १०.५. लांबी ८२. डोकं ४६.६. सगळं रेषेवर.

६ एप्रिल, रविवार

आज ठमीच्या झोपेची वाट न बघता लिहायला बसलो.

सकाळी अकराला आम्ही तिघं बाहेर निघालो. इमारतीच्या पुढे फरसबंद मोकळी जागा आहे, तिथेच गाड्या लागतात. मी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभा होतो, लेक खाली किल्ली पिशवीत टाकत होती. ठमी तिच्या तिरक्या पळण्याने पुढे गेली. तिला समोरच्या कडेला पाखरं दिसली होती. आणि डावीकडून सामान पोचवणारी मोठी बंद गाडी उलटी येत होती. मागे बघायला त्या ड्रायव्हरबरोबर कुणी माणूस नव्हता. इशारा देणाऱ्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

लेकीने पाहिलं आणि ती ओरडली, "ठमे, थांब." तसं ओरडताना मी तिला जन्मात पाहिलं नाही. वरच्या दोन खिडक्यांत माणसं आली. ठमी चालत राहिली. लेक पिशवी टाकून ओरडत धावली. ठमीची मान तसूभर वळली नाही.

पण पायऱ्या उतरून दहा पावलं गेलं की ठमीची एक सवय आहे. ती वळून बघते, आबा मागे आहे ना म्हणून. ती वळली. तिने माझ्याकडे पाहिलं. माझे हात खिशात होते.

ते कधी बाहेर आले मला माहीत नाही. दोन्ही हात आडवे, तळवे खाली, खांद्याच्या रेषेत. चौतीस वर्षांत हा इशारा मी इतका लख्ख कधी दिला नसेल. ठमी जागच्या जागी थांबली, आणि तिनेही दोन्ही हात आडवे केले. महिनाभर तिचं कुणी ऐकलं नव्हतं, तरी तिने माझं ऐकलं. गाडी तिच्यापुढून गेली. मध्ये हातभर अंतर असेल.

लेकीने तिला उचललं आणि तिथेच फरशीवर बसली. मी खाली पोचलो तेव्हा मला वाटलं, आता वचन मोडल्याबद्दल बोलेल. तिने माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "बाबा, तिला ऐकू येत नाहीये."

मी म्हटलं, काहीतरीच काय. म्हटलं, एकाग्रता आहे तिची. आणि वाक्य पुरं व्हायच्या आधीच मला ते ड्रिल आठवलं.

७ एप्रिल, सोमवार

सकाळची फेरी केली. कपाट पक्कं, बादली उपडी, गोळ्या वर. तीन महिने मी घरातला प्रत्येक खिळा तपासला आणि पोरीचे कान तपासायचे राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१५ एप्रिल, मंगळवार

आधी डॉक्टरीणबाईंकडे. लेक सोबत होती. खुर्चीत बसल्या बसल्या मी सांगून टाकलं की ते अकरा शब्द तोंडाचे नव्हते, हातांचे होते. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की गोदीतला कुठलाही साहेब तिच्यापुढे गरीब गाय वाटावा. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजोबा, हे तेव्हाच सांगितलं असतं तर तिला मी जानेवारीतच कान तपासायला पाठवलं असतं." मी म्हटलं, हो. मला माझी लाज वाटली आणि अजून वाटते आहे.

मग कान तपासणाऱ्या बाईंकडे. त्यांची खोली लहान, भिंतींना जाड मऊ थर. ठमी लेकीच्या मांडीवर, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. एका बाजूने आवाज येणार आणि मूल वळतं का ते बघायचं. ठमी फार मोठ्या आवाजांनाच वळली. मध्येच बाई माझ्याकडे बघायला लागल्या. "आजोबा, आता आलेला आवाज तुम्हाला ऐकू आला?" मी म्हटलं, "कुठला?" त्यांनी आणि लेकीने एकमेकींकडे पाहिलं. त्यांचं यंत्र जुनं आहे, मधेच बंद पडत असावं.

मग कानात एक बूच घालून पाहिलं. पडद्यावर डोंगरासारखी रेघ यायला हवी. ठमीची दोन्ही कानांची रेघ सपाट. सर्दीवर सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. पाण्यात बुडी मारल्यावर बाहेरचं ऐकू यावं, तेवढंच तिला ऐकू येतंय. बहुतेक मुलांचं हे पाणी आपोआप जातं, म्हणून तीन महिने वाट बघायची. नाही गेलं तर पडद्यात बारीकशी नळी बसवायची.

लेकीने विचारलं, "आणि इशारे? त्यांच्यामुळे तिचं बोलणं मागे पडलं का?"

"इशाऱ्यांमुळे तर ती टिकून राहिली," बाई म्हणाल्या. "ती मागतेय, तिला उत्तर मिळतंय, हे मेंदूला कळत होतं. वाट वेगळी होती इतकंच. तुम्ही ती बंद केली तेव्हा तिने बोलणंच सोडलं. आता तोंडाने आणि हाताने, दोन्हींनी बोला. समोर बसून बोला."

जिन्यात लेक रडली. मी तिला म्हटलं, तुला तरी काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं, मला तेवढंही कळलं नाही. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, तुमचेही कान दाखवूया. त्या बाई म्हणत होत्या." मी म्हटलं, आधी पोरीचं बघ. माझे कान अडुसष्ट वर्षं चाललेत. कुणी समोर येऊन नीट बोललं तर मला सगळं कळतं. लोक पाठमोरे बोलतात, त्याला मी काय करू?

एक मेचा विषय कुणी काढला नाही. घरी आल्यावर मी ठमीसमोर मांडी घातली, बोट वर करून फिरवलं आणि म्हटलं, "वर." तिने बराच वेळ माझ्या बोटाकडे पाहिलं. मग हळूच स्वतःचं बोट उचललं. मी तिला छतापर्यंत वर घेतलं.

२२ जुलै, मंगळवार

तीन महिने वाट पाहिली. या काळात इशारे अकरावरून चौतीसवर गेले, गोदीत जितकी वर्षं तितके इशारे. शेजारच्या शिवणाऱ्या बाईसुद्धा जिन्यातून "हळू" करतात. एप्रिलमध्ये मीच त्यांच्याकडे गेलो होतो आणि म्हटलं होतं, तुम्हाला आधी दिसलं होतं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या हो, आणि ठमीला एक झबलं दिलं.

पाणी काही हटलं नाही. शुक्रवारी नळ्या बसवल्या. तांदळाच्या दाण्याहून लहान. मी एवढी वर्षं केवढाले पाइप उचलले, आणि इतक्या बारीक पाइपासाठी मी दाराबाहेर येरझारा घातल्या. सगळं मिळून पाऊण तास. घरी आलो, लेकीने न्हाणीघरातला नळ सोडला आणि ठमी दोन खोल्या पार करून नळाकडे गेली. नुसती उभी राहून बघत होती. मग माझ्याकडे वळून तिने कानावर हात ठेवला. हा इशारा तिने स्वतः बनवलाय. पस्तिसावा.

५ ऑगस्ट, मंगळवार

ठमी दोन वर्षांची. वजन ११.६. आजपासून तिला उभं करून मापायचं. उभी उंची ८५.५ आणि मागच्या आठवड्यात आडवी लांबी ८६. पोरगी अर्धा सेंटीमीटर घटली. तीन महिन्यांपूर्वी मी टेपवाल्या दुकानदाराशी भांडायला गेलो असतो. आज आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं. उभं राहिलं की सगळेच जरा दबतात, म्हणाल्या. शिकतोय मी.

पाळणाघर आता ठरलंय, पण सकाळचे तीनच तास, आणि तिला पोरांची सोबत हवी म्हणून. दुपार माझी.

लेक म्हणते ठमी आता बोलायला लागली, रोज नवा शब्द. मला तिचे ओठ हललेले दिसतात. अजून पुटपुटतेच जरा. होईल मोठा आवाज हळूहळू.

१७ ऑगस्ट, रविवार

आजचं सगळं नीट क्रमाने लिहितो.

सकाळी आम्ही तिघं बाहेर निघालो. फाटकाशी बुटका कठडा आहे, त्यावर ठमीला बसवून मी तिच्या पायात चप्पल घालत होतो. लेक मागे फाटक लावत होती. एक चप्पल निसटून गल्लीत पडली. मी ठमीला म्हटलं, हलायचं नाही, आणि तिच्याकडे तोंड ठेवूनच मागे मागे जायला लागलो. पोरीवरून नजर काढायची नाही, हा माझा नियम आहे.

ठमीने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. आणि तिने दोन्ही हात आडवे केले. तळवे खाली, खांद्याच्या रेषेत.

गोदीत बाकीचे सगळे इशारे फक्त नेमलेल्या माणसाने द्यायचे असतात. "थांब" मात्र कुणीही द्यावा, झाडूवाल्यानेही, आणि तो सगळ्यांनी पाळायचा. का म्हणून विचारायचं नसतं. मी एक पाऊल मागे टाकण्यासाठी उचललं होतं, ते तसंच धरून उभा राहिलो. मानेला वारा लागला. मालवाहू टेंपो माझ्या पाठीला घासून जावा इतक्या जवळून गेला आणि चप्पल चिरडून पुढे वळला.

लेक पांढरी पडली होती. समोर येऊन माझे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "बाबा, केवढा हॉर्न वाजवत होता तो. कोपऱ्यापासून वाजवत होता."

मी म्हटलं, वाजवला नाही त्याने.

"वाजवला. आणि ठमी ओरडली तुमच्यावर. 'आबा, थांब' म्हणाली. दोन शब्द, बाबा. पहिल्यांदाच दोन शब्द जोडले तिने."

मी ठमीकडे पाहिलं. तिचे हात अजून आडवेच होते, कारण "काम चालू" असा इशारा मी दिलेला नव्हता. सात महिने मी ज्याची वाट बघत होतो, ते तिने माझ्यापासून दोन हातांवर म्हटलं, आणि ते गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. कुरियरवाला बेल वाजवत होता. त्या बाईंचं यंत्र चांगलं चालत होतं. ठमी पुटपुटत नव्हती.

मी तिला कठड्यावरून उचललं. लेकीला विचारलं, "आवाज कसा आहे गं तिचा?"

लेक जवळ आली. मग माझ्या समोर तोंड आणून, मला दिसेल असं म्हणाली, "घोगरा आहे जरा. तुमच्यासारखा."

उद्या सकाळी दहाला त्याच खोलीत, त्याच बाईंकडे माझे कान दाखवायला जायचंय. मला मांडीवर बसवायला कुणी नाही, म्हणून ठमी माझ्या शेजारी बसणार आहे.